कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरी घेताना काय काळजी घ्यावी?

तुमच्या वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन झालंय, पुढची केमो गोळ्यांची आहे आणि घरी काय सांभाळायचं ते तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. माझ्या आईनं याच गोळ्यांच्या आठ सायकल घेतल्या, त्यावरून सांगते.

सलाईन नाही, ॲडमिट व्हायचं नाही, म्हणून घरात सगळ्यांना ती साधीच गोळी वाटते. पण शरीरात गेल्यावर तिचं ५-एफयू होतं, म्हणजे शिरेतून देतात तीच जुनी केमो. डोस उंची-वजनावरून काढतात, त्यामुळे शेजारच्या काकांशी तुलना करू नका. आईला ५०० मिलिग्रॅमच्या सकाळी तीन, रात्री तीन होत्या. १४ दिवस गोळ्या, ७ दिवस सुट्टी, अशी एक सायकल. सुट्टीच्या दिवसांवर मी कालनिर्णयवर लाल फुल्या मारायचे. जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, न तोडता. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही.

आमचं चुकलं ते तिसऱ्या सायकलला. आईला दिवसातून सहा-सात जुलाब होत होते, रात्रीही उठत होती. पण ‘सांगितलं तर गोळ्या बंद करतील’ या भीतीनं तिनं दोन दिवस लपवलं, वर गोळ्याही चालू ठेवल्या. मग न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. चार दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, जुलाब होणारच होते, गोळी का घेत राहिलात? या औषधात वेळेवर थांबणं हाही उपचारच असतो. त्रास उतरला की गरजेप्रमाणे डोस कमी करून पुन्हा सुरू करतात.

म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्या, काय झालं की गोळी थांबवून फोन करायचा. आम्हाला सांगितलेलं असं: दिवसात नेहमीपेक्षा चार जुलाब जास्त किंवा रात्री जुलाबासाठी उठावं लागणं, तोंड येऊन घास न जाणं, तळहात-तळपाय लाल होऊन दुखणं, १००.४ किंवा जास्त ताप. छातीत दुखलं तर फोनही नको, थेट इमर्जन्सी.

चालू असलेली प्रत्येक गोळी दाखवा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिटचं फेनिटॉइन, युरिक ॲसिडचं ॲलोप्युरिनॉल यांचं या केमोच्या गोळीशी पटत नाही. ‘ताकदीच्या’ बऱ्याच गोळ्यांत फोलिक ॲसिड असतं, त्यानं त्रास वाढू शकतो. नातेवाईक हमखास आणून देतात. काहींच्यात हे औषध मोडणारं डीपीडी एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांना नेहमीचा डोसही जिवावर बेतू शकतो. ती तपासणी करायची का, हे पहिल्या गोळीआधी विचारा.

हातापायांसाठी आई युरियाचं क्रीम लावायची. दिल्लीच्या एम्सची एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली: डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची १ टक्का जेल हाताला लावणाऱ्यांत हातापायांचा मध्यम ते तीव्र त्रास ३.८ टक्के जणांना झाला, औषध नसलेली जेल लावणाऱ्यांत १५ टक्के. चालेल का, डॉक्टरांना विचारा.

आणखी एक, जे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बोटांची कातडी सोलून ठसे पुसट होतात. रेशन दुकानात आईचा अंगठा काही केल्या उमटेना, मागे रांग, आणि तिला उगाच चोरट्यासारखं वाटलं. शेवटी डोळ्याच्या स्कॅनवर काम झालं. वडिलांचा पेन्शनचा हयातीचा दाखला याच दिवसांत येत असेल, तर चेहऱ्यावरून होणारी सोय आधीच बघून ठेवा.