आठ क्रेडिटं आणि मुलाच्या नावावरची पॉलिसी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो, घरातले सगळे अमेरिकन नागरिक आहोत. मी ४९ वर्षांचा, पगार १,४०,००० डॉलर. पत्नी शाळेत अर्धवेळ काम करते, तिचे १८,०००. मुलगा या फॉलला राज्य विद्यापीठात बायोलॉजी मेजरला जातोय, घरूनच ये-जा करणार, पुढे मेडिकलचं ठरलं आहे. एपी बायोलॉजीत (शाळेत असतानाच द्यायची कॉलेज पातळीची परीक्षा) त्याला ५ पैकी ४ मिळाले. त्यावर विद्यापीठ सायन्स मेजरांच्या जनरल बायोलॉजीची, दोन्ही सेमिस्टरची मिळून आठ क्रेडिटं द्यायला तयार आहे. ती घेऊन कोर्स सोडावा (सुमारे ३,६०० वाचतील), पुढच्या उन्हाळ्यात काउंटी कॉलेजात (जवळचं दोन वर्षांचं स्वस्त कॉलेज) १,६०० मध्ये करावा, की विद्यापीठातच करावा? पैशांची तशी चिंता नाही. मुलाच्या नावावर सात वर्षांपासून इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफचा (शेअर निर्देशांकाच्या चालीवर व्याज जमा होणारा आयुर्विमा) 'कॉलेज प्लॅन' आहे, महिना ५०० भरतो. आज त्यात ३६,००० दिसतात, मोडली तर २७,००० मिळतील. मेडिकलच्या वेळी त्यातून वर्षाला ५०,००० करमुक्त काढता येतील असं मंडळातल्या एका परिचितांनी सांगितलं, त्यांनीच पॉलिसी दिली. म्हणून तिला हात न लावता आताची फी, वर्षाला १८,०००, घराच्या इक्विटी लाइनवर (घर तारण ठेवून मिळणारं कर्ज) काढणार आहोत. हप्त्यामुळे ४०१(के)मध्ये (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) पगाराचे ३ टक्केच टाकतो, कंपनी ६ टक्क्यांपर्यंत बरोबरीने टाकते. माझा विमा ऑफिसचा आहे, एका वर्षाच्या पगाराएवढा. धाकटी सातवीत आहे.

उत्तर : आधी बायोलॉजीचं सांगते, कारण नोंदणीची तारीख जवळ आहे. कोर्स विद्यापीठातच करू द्या, याच फॉलला, लॅबसकट.

तुमचे ३,६०० वाचणारच नाहीत. क्रेडिटमागे साडेचारशे असा हिशेब तुम्ही मांडलात, पण तो अर्धवेळ विद्यार्थ्याचा दर आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्याला बारा क्रेडिटांपासून वर एकच ठोक फी असते. विद्यापीठाचं फी-पत्रक उघडून एकदा खात्री करून घ्या. मुलाने बारा क्रेडिटं घेतली काय आणि सोळा घेतली काय, बिल तेवढंच. एपीच्या क्रेडिटांनी पैसे वाचतात ते मुलगा एक सेमिस्टर आधी पदवी घेऊन बाहेर पडला तरच, आणि प्री-मेडला (मेडिकलच्या आधीची तयारी) ते बायोलॉजीच्या हातात नसतं. तिथली लांब साखळी केमिस्ट्रीची आहे : एक वर्ष जनरल, मग एक वर्ष ऑरगॅनिक, मग बायोकेमिस्ट्री. बायोलॉजीची आठ क्रेडिटं खिशात असली तरी ही साखळी आखडत नाही.

याच कारणाने काउंटी कॉलेजचा पर्याय, जो तुम्हाला मधला वाटतो, तुमच्यासाठी सगळ्यांत महाग आहे. ठोक फी भरून झालेलीच असेल, वर हे १,६०० जास्तीचे. दोन वर्षं काउंटी कॉलेजात काढून मग विद्यापीठात जाणाऱ्या मुलांचं गणित वेगळं, ती खरोखर पैसे वाचवतात. तुमचा मुलगा त्या वाटेवर नाही. शिवाय तिथे बायोलॉजीचे दोन-तीन कोर्स शेजारी शेजारी असतात. 'ह्यूमन बायोलॉजी' किंवा सायन्स मेजर नसलेल्यांसाठीचा कोर्स सोपा वाटतो म्हणून घेतला, तर विद्यापीठ त्याला इलेक्टिव्ह म्हणून जमा करतं आणि मूळ कोर्स पुन्हा करावा लागतो. दोन्ही सेमिस्टर एका उन्हाळ्यात कोंबणं हे तर लॅब असलेल्या विषयाशी वैर आहे.

मग एपीची क्रेडिटं का नकोत? बहुतेक मेडिकल कॉलेजांना एक वर्षाची बायोलॉजी लॅबसकट लागते. एपीच्या क्रेडिटांवर प्रत्येकाचं धोरण वेगळं. काही ती धरतात, काही त्याऐवजी वरच्या पातळीची बायोलॉजी मागतात, काही अजिबात धरत नाहीत. मुलाला ४ मिळालेत, ही चांगली गोष्ट आहे. पण पेशी, एन्झाइम्स, श्वसन, प्रकाशसंश्लेषण, मायोसिस, जनुकांचं नियमन हे सगळं पहिल्या सेमिस्टरला ज्या वेगाने जातं त्याची सवय शाळेत होत नाही. ती न होता थेट जेनेटिक्सच्या वर्गात बसलेली हुशार मुलं मी कोलमडताना पाहिली आहेत. माझी स्वतःची मुलगी एपीत ५ घेऊन या कोर्सला बसली होती आणि पहिल्या परीक्षेत तिला सी आला. दोन आठवड्यांत सावरली, कारण सावरायला जागा होती.

एक गोष्ट मात्र मुलाला नीट समजावा. मेडिकलचा सामाईक अर्ज करताना प्रत्येक कॉलेजची प्रत्येक ग्रेड कळवावी लागते, आणि कोर्स पुन्हा केला तर जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरतात. तेव्हा हा कोर्स 'येतंच मला' म्हणून पाच विषयांत सहावा घालायचा नाही. पाठ्यपुस्तकावर दोनशे डॉलर घालवण्याआधी प्राध्यापकांना विचारा. सायन्स मेजरांच्या दोन सेमिस्टरच्या या कोर्ससाठीच लिहिलेलं ओपनस्टॅक्सचं पुस्तक राइस विद्यापीठाने फुकट ठेवलं आहे.

हा झाला तुमचा प्रश्न. पण 'पैशांची तशी चिंता नाही' या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले, आणि पुढचं पत्र दोनदा वाचलं.

तुमच्या घरात विमा कोणाचा आहे? अठरा वर्षांच्या मुलाचा, ज्याच्या कमाईवर कोणीही अवलंबून नाही. आणि ज्याच्या पगारावर पत्नी, दोन मुलं आणि घराचं कर्ज उभं आहे, त्याचा विमा एका वर्षाच्या पगाराएवढा, तोही नोकरी आहे तोवरच. उद्या तुम्हाला काही झालं तर १,४०,००० डॉलर किती महिने पुरतील, हे पत्नीसोबत बसून एकदा कागदावर मांडा. सात वर्षांत तुम्ही ४२,००० डॉलर भरलेत, आणि ज्या एका गोष्टीसाठी विमा घ्यायचा असतो ती त्यात नाही. हे विकणाऱ्याने पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही याचा मला राग येतो, कारण वर्षातून चार-पाच पत्रं मला याच घाटाची येतात. गणपतीत ओळख होते, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये बोलणं होतं, घरी चहाला येऊन 'मुलांच्या शिक्षणासाठी' तक्ता दाखवला जातो. पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा मोठा हिस्सा कमिशनमध्ये जातो हे त्या चहाच्या वेळी कोणी सांगत नाही.

आता ते ५०,००० घेऊ. चार वर्षांनी मेडिकल सुरू होईल. आजचे ३६,०००, अधिक चार वर्षांचे हप्ते २४,०००, अधिक उदार मनाने धरलेली ५ टक्के वाढ म्हणजे साडेनऊ हजार, वजा खर्च. पॉलिसीच्या वार्षिक स्टेटमेंटमध्ये खर्चाचा वेगळा भाग असतो. तुमचा वर्षाला हजार-अकराशे असेल असं धरते, म्हणजे चार वर्षांचे साधारण साडेचार हजार. हाती उरतात ६५,०००. त्यातून वर्षाला ५०,००० प्रमाणे चार वर्षं, म्हणजे दोन लाख काढायचे! पहिल्याच वर्षी विहीर जवळजवळ कोरडी पडेल आणि दुसऱ्या वर्षी पॉलिसी बंद पडण्याचं पत्र येईल. असे तक्ते मी पाहिले आहेत. मोठमोठे करमुक्त आकडे त्यात असतात, पण ते शेवटच्या पानांवर, विमा असलेल्या माणसाच्या साठीनंतरच्या वर्षांपुढे. तुमच्या मुलाची साठी आणि मेडिकलची फी यांत चाळीसएक वर्षांचं अंतर आहे.

'बाजार पडला तरी तोटा नाही' हेही तुम्हाला सांगितलं असेल. पडला तर शून्य टक्के जमा होतात, पण खर्च त्या वर्षीही कापला जातो. चढला तर ठरावीक मर्यादेपर्यंतच मिळतं आणि ती मर्यादा कंपनी बदलू शकते. निर्देशांकातल्या कंपन्यांचे लाभांश तर त्यात येतच नाहीत. 'फाफ्साच्या (कॉलेजसाठी सरकारी मदतीच्या) अर्जात पॉलिसी मोजत नाहीत' हे खरं आहे. पण ४०१(के) सुद्धा मोजत नाहीत, आणि १,५८,००० च्या उत्पन्नावर गरजेनुसार मिळणारी मदत तुमच्यापर्यंत फारशी पोहोचणार नाही. अर्ज मात्र जरूर भरा, त्याशिवाय मुलाला फेडरल कर्ज मिळत नाही.

हप्त्यासाठी तुम्ही सोडलेले ३ टक्के म्हणजे वर्षाला ४,२००, आणि कंपनीनेही तुमच्यासाठी न टाकलेले आणखी ४,२००. पूर्वी पगार कमी होता असं धरलं तरी सात वर्षांत कंपनीचेच सुमारे २५,००० तुम्ही टेबलावर सोडून आलात, त्यांवरची वाढ वेगळी. एपीच्या आठ क्रेडिटांचे ३,६०० शोधणाऱ्या माणसाचे हे पैसे आहेत, म्हणून जीव तुटतो.

मी तुमच्या जागी असते तर पहिला आठवडा असा घालवला असता. एचआरच्या साइटवर जाऊन ४०१(के) ६ टक्के. पगार हातात वर्षाला ३,००० च्या आसपास कमी येईल, कारण कर वाचेल. मग तुमचा स्वतःचा टर्म इन्शुरन्स, पंधरा वर्षांचा, दहा लाखांचा. महिना दीडशेच्या आसपास, तब्येतीप्रमाणे कमीजास्त. तुम्ही पन्नाशी गाठायच्या आत अर्ज करा. पत्नीचाही लहानसा घ्या.

त्यानंतर पॉलिसी. नुसता हप्ता थांबवू नका, आतून खर्च कापला जाऊन ती स्वतःलाच खात राहते. कंपनीकडून, परिचितांकडून नव्हे, दोन कागद लेखी मागवा : मोडण्याचा आकार (पॉलिसी मोडताना कंपनी कापून घेते ती रक्कम) दर वर्षी किती कमी होतो त्याचा तक्ता, आणि ४ टक्के वाढ धरून पुढचं चित्र. दोन महिन्यांनी पॉलिसीचं वर्ष पूर्ण होऊन आकार दोन हजारांनी उतरणार असेल तर तेवढं थांबा. तसं नसेल तर मोडा. भरलेल्यापेक्षा कमी मिळत असल्याने कर लागणार नाही, आणि १५,००० चा तोटा करात दाखवताही येणार नाही. तो गेला. मुलाला एखादा गंभीर आजार असेल, ज्यामुळे पुढे त्याला विमा मिळणं अवघड जाईल, तर मात्र मोडण्याआधी मला पुन्हा लिहा, कारण मग उत्तर बदलतं.

आता चार वर्षांची फी, ७२,०००. पॉलिसीचे २७,०००. मुलाच्या नावावरचं फेडरल कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, मग ६,५००, मग दोनदा ७,५००, मिळून २७,०००. आणि अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट, म्हणजे कॉलेजच्या खर्चापोटी करात मिळणारी थेट सूट, वर्षाला २,५०० पर्यंत, चार वर्षांचे १०,०००. याबद्दल पत्रात एक अक्षर नाही, म्हणून विचारते, तुमच्या सीपीएला (कर भरून देणाऱ्या हिशेबनिसाला) माहीत आहे ना मुलगा कॉलेजात जातोय? जोडप्याचं उत्पन्न १,६०,००० च्या आत असेल तर हे क्रेडिट पूर्ण मिळतं, आणि ४०१(के) वाढवल्यावर तुम्ही दीड लाखाच्या जवळ याल. बेरीज ६४,०००. उरले ८,०००, वर्षाला २,०००. हप्त्याचे सुटलेले ६,००० घ्या, त्यातून टर्मचे १,८०० आणि ४०१(के)चे ३,००० गेले तरी हजारबाराशे राहतात. बाकीचे मुलाने उन्हाळ्यात कमवावेत. मुलाच्या डोक्यावर २७,००० ठेवणं मला आवडत नाही, पण बदलत्या व्याजाने राहतं घर गुंतवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. त्या कर्जाचा व्याजदर ठरलेला असतो. धाकटीसाठी पॉलिसी नाही, न्यू जर्सीच्या एनजेबेस्ट योजनेत ५२९ खातं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं), महिना पन्नास का होईना. राज्याच्या करातही त्याची वजावट मिळते.

राहिलं मेडिकल. तुम्ही 'ठरलं आहे' असं लिहिलंत. एमडीच्या कॉलेजांकडे दर वर्षी पन्नास हजारांवर अर्ज येतात आणि तेवीस हजारांच्या आसपास प्रवेश होतात. हे तेही, ज्यांनी चार वर्षं टिकून अर्ज केला त्यांच्यातले. जनरल बायोलॉजी आणि केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षातच कितीतरी मुलांचा बेत बदलतो, आणि तो बदलण्याचा हक्क त्यांना असायला हवा. पैशांची बाजूही कठीण झाली आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल) कर्ज बंद आहे. डॉक्टरीसारख्या व्यावसायिक पदवीला फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० पर्यंतच. चार वर्षांचा राहण्या-खाण्यासकट खर्च राज्याच्या कॉलेजातही सहज अडीच लाखांवर जातो. वरचे पैसे कुठून, हे त्याच्या तिसऱ्या वर्षी, एमकॅटचे (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे) मार्क हातात असताना ठरवू. तोवर तुमचं ४०१(के) भरत राहू दे. तुमची निवृत्ती मुलाच्या पगारावर येऊन पडली नाही, तर त्यालाही दोन लाखांचं कर्ज पेलता येईल.

परिचितांशी संबंध बिघडतील ही धास्ती तुम्हाला असणार, लहानशा मंडळात रोज तोंड दिसतं. त्यांना एवढंच सांगा : घरात बसून हिशेब केला, पॉलिसी मोडतोय. ती वाचवण्यासाठी नवी पॉलिसी घेऊन ते आले तर सही करू नका. आणि मुलाला आजच त्याच्या ॲडव्हायझरला ईमेल करायला सांगा की एपीची क्रेडिटं नको आहेत. लॅबचे सकाळचे सेक्शन आधी भरतात, आणि घरून जाणाऱ्याला संध्याकाळी सहाची लॅब फार जड जाते.