‘प्रेरणा मिळते’ म्हणजे कोणाकडून?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेच्या बाईंनी विचारलं आहे: “मी एम.एड.च्या प्रकल्पासाठी मुलांचं अभ्यासातलं मोटिव्हेशन मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणते आहे. मोटिव्हेशनला प्रेरणा म्हणू की अभिप्रेरणा? ‘मला अभ्यासाची प्रेरणा मिळते’ हे वाक्य चौथीतल्या एका मुलाला वाचायला दिलं, तर त्यानं विचारलं, ‘बाई, कोणाकडून?’ आता काय करू?”

बाई, निम्मं उत्तर त्या मुलानंच देऊन टाकलं आहे. ते का बरोबर आहे, एवढंच मी सांगतो.

प्रेरणा हा शब्द ‘ईर्’ या धातूवरून आला. ईर् म्हणजे हलणं, चालू होणं. ‘प्र’ म्हणजे पुढे. प्रेरणं म्हणजे पुढे लोटणं, चालना देणं. मोटिव्हेशनच्या मुळाशी असलेला लॅटिन ‘मोव्हेरे’ हाही हलवणं याच अर्थाचा. तेव्हा ज्यांनी पहिल्यांदा मोटिव्हेशनसाठी प्रेरणा हा प्रतिशब्द घेतला, त्यांचं व्युत्पत्तीच्या अंगानं काही चुकलं नव्हतं. पण शब्द व्युत्पत्तीवर जगत नाहीत, वापरावर जगतात. आपल्या कानावर प्रेरणा कुठे पडते? पुतळ्याखालच्या ‘प्रेरणास्थान’मध्ये, पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत, सत्काराच्या भाषणात. प्रेरणा घेतात, प्रेरणा देतात, प्रेरणा मिळते. या तिन्ही क्रियापदांत पलीकडे कोणीतरी उभा असतो, आणि तो आपल्यापेक्षा मोठा असतो. म्हणून त्या मुलानं ‘कोणाकडून’ असं विचारलं. मराठी ज्याच्या कानात मुरली आहे, तो तेच विचारणार.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मराठीत प्रेरणा नेहमी चांगलीच असते. छडीपासून प्रेरणा मिळाली, असं कोणी म्हणत नाही. शेजाऱ्याच्या मुलाला जास्त गुण पडले म्हणून घरी बोलणी खाल्ली आणि पुस्तक उघडलं, याला आपण प्रेरणा म्हणत नाही. मानसशास्त्र मात्र ही दोन्ही कारणं मोटिव्हेशनमध्येच धरतं. माणूस हलला कशानं, एवढंच त्याला बघायचं असतं. ते कारण थोर होतं की क्षुद्र, हे नंतरचं. प्रश्नावलीत प्रेरणा हा शब्द घातलात, की मूल आपलं खरं कारण लपवून शोभेसं कारण सांगणार. शब्दानंच त्याला तसं सुचवलेलं असतं.

अभिप्रेरणेला हा दोष नाही, कारण तो शब्द बी.एड.च्या पुस्तकांबाहेर फारसा आलेलाच नाही. परिभाषेसाठी तसा कोरा शब्द सोयीचा असतो. प्रकल्पाच्या शीर्षकात आणि प्रकरणांत अभिप्रेरणा खुशाल ठेवा. मुलांच्या हातात जाणाऱ्या कागदावर मात्र दोन्ही नकोत.

मग तिथे काय लिहायचं? इथे आपल्या जुन्या शास्त्रांकडे थोडं बघूया, कारण त्यांनी प्रश्न नेमका मांडला होता. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या सूत्रग्रंथात, प्रयोजनाची व्याख्या आहे: जी गोष्ट समोर ठेवून माणूस प्रवृत्त होतो, ते प्रयोजन. मीमांसा दर्शनातल्या कुमारिल भट्टाचं वचन तर म्हणीसारखं झालं आहे: ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’. काही हेतू असल्याशिवाय मंदबुद्धीचा माणूसही कामाला लागत नाही. म्हणजे ‘प्रेरणा किती’ हा प्रश्नच नाही. ‘कशासाठी’ हा प्रश्न आहे. गंमत अशी की, 1992 साली रॉबर्ट व्हॅलरँड आणि सहकाऱ्यांनी इंग्रजीत आणलेली शैक्षणिक अभिप्रेरणेची प्रसिद्ध मापनश्रेणीही हेच करते. तिच्यात एकच प्रश्न आहे: तुम्ही कॉलेजात का जाता? खाली 28 विधानं आहेत, सगळी त्या ‘का’ची संभाव्य उत्तरं. प्रत्येक उत्तर आपल्याला कितपत लागू पडतं, ते सांगायचं. आणि ती श्रेणीसुद्धा भाषांतरच आहे, मूळ फ्रेंच.

मराठीत अशा उत्तरांना लागणारा एक फार कामाचा शब्द आपल्याकडे आहे: ‘म्हणून’. ‘बाई ओरडतात म्हणून.’ ‘नाही केला तर लाज वाटते म्हणून.’ ‘पुढे उपयोगी पडेल हे पटलंय म्हणून.’ ‘आवडतं म्हणून.’ ही चार वाक्यं ओळीनं वाचा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी 1985च्या सुमारास मांडलेल्या स्वयंनिर्धारणाच्या (सेल्फ-डिटर्मिनेशन) सिद्धांतात बाहेरच्या रेट्यापासून आतल्या आवडीपर्यंत ज्या पायऱ्या आहेत, त्याच जवळजवळ या चार वाक्यांत उतरल्या आहेत. पहिली पायरी धाक किंवा आमिष. दुसरी लाज, भीड, लोक काय म्हणतील. इथे ओरडणारा बाहेर कोणी नसतो, त्याला आपणच आत आणून बसवलेलं असतं. तिसरी पटणं. या ‘पटणं’ला मी फार मानतो, काम आवडत नसतानाही ते आपलं करून घेण्याची क्रिया मराठी एका शब्दात सांगते. चौथी हौस, गोडी, ओढ. आणि या सगळ्याच्या बाहेर ‘का करतो कोण जाणे, मनच लागत नाही’. त्याला पुस्तकात प्रेरणेचा अभाव म्हणतात. मुलाला ‘मन लागत नाही’ लगेच कळेल.

हौस या शब्दापाशी जरा थांबतो. तो अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. हिंदीत त्याच मुळाचा ‘हवस’ वासनेकडे गेला. मराठीत हौस निर्मळ राहिली. कामातल्या आनंदासाठीच काम, हा अर्थ मराठीनं त्याला दिला आणि वर म्हणही जोडली: हौसेला मोल नाही. आपण ती खर्चाच्या संदर्भात वापरतो, पण प्रयोगशाळेत ती जवळपास शब्दशः तपासली गेली आहे. डेसींनी 1971 साली विद्यार्थ्यांना सोमा नावाची ठोकळ्यांची कोडी दिली. तीन बैठका होत्या. मधल्या बैठकीत एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला, दुसऱ्या गटाला काही नाही. प्रत्येक बैठकीत प्रयोगकर्ता आठ मिनिटं खोलीबाहेर जाई. टेबलावर मासिकंही असत. कोणी काहीही करावं. त्या आठ मिनिटांत कोण आपण होऊन कोड्यांकडे वळतो, हे मोजायचं होतं. पैसे घेतलेल्यांचा तो वेळ पैसे थांबल्यावर घटला. दोन वर्षांनी मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर स्केचपेनांनी चित्रं काढण्याचा प्रयोग केला. ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र’ असं आधी सांगितलेली मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना प्रमाणपत्र अवचित मिळालं, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. यावरून पुढे संशोधकांत बराच वाद झाला. 1999 साली डेसी, रायन आणि रिचर्ड कोस्टनर यांनी 128 प्रयोग एकत्र तपासले, तेव्हाही मुळात आवडणाऱ्या कामात आधी कबूल केलेलं बक्षीस हौस कमी करतं, असंच निघालं. तोंडी कौतुकानं मात्र ती वाढते, निदान कॉलेजातल्या विद्यार्थ्यांत तरी. कंटाळवाण्या कामाचा हिशेब वेगळा. जिथे हौसच नव्हती, तिथे जाणार काय?

म्हणून बक्षीस, शाबासकी, आमिष आणि प्रोत्साहन हे शब्द तुमच्या प्रश्नावलीत एकमेकांच्या जागी वापरू नका. आमिष म्हणजे मुळात मांस, गळाला लावायचं. आधी दाखवलेलं बक्षीस म्हणजे आमिष. काम झाल्यावर पाठीवर पडते ती शाबासकी. इंग्रजीतून आणताना दोन्हींना ‘प्रोत्साहन’ करून टाकायचा मोह होतो, आणि मोजायचा फरक तिथेच पुसला जातो.

आता जे मी स्वतः पाहिलं, ते सांगतो. आमच्या फोंड्याकडच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतं, गावातलीच माणसं करतात. गेल्या वर्षी तालमीला बसलो होतो. रात्री अकरा वाजून गेले तेव्हा कारखान्यातली पाळी संपवून एक जण सभामंडपात आला. हातात हेल्मेट, खांद्याच्या पिशवीत रिकामा डबा, खिशात चार घड्या घातलेलं नक्कल उतरवलेलं पान; घामानं त्याच्या घड्या मऊ पडलेल्या. त्याची भूमिका दुसऱ्या अंकातल्या हवालदाराची. नाटकाची वर्गणीही तो पदरचीच भरतो. मी विचारलं, “तुझी प्रेरणा काय रे?” तो जरा सावरून उभा राहिला आणि म्हणाला, “आमचे बाबा. ते पूर्वी काम करायचे.” ते खरंच होतं. तालीम संपल्यावर चपला घालताना मी पुन्हा विचारलं, “पण इतका थकून येतोस कशाला?” तो म्हणाला, “आल्याशिवाय राहवत नाही.”

माणूस तोच, रात्र तीच. प्रश्नातला शब्द बदलला आणि उत्तर बदललं. पहिलं उत्तर सत्काराचं होतं, दुसरं त्याचं.

त्या ‘राहवत नाही’मध्ये मराठी व्याकरणाची एक सुंदर जागा आहे. ‘मूल अभ्यासाला बसतं’ हे साधं. ‘आई मुलाला अभ्यासाला बसवते’ हे प्रयोजक. ‘व’ आला आणि रेटा बाहेरचा झाला. पण ‘मला आता बसवत नाही’ म्हणा. पुन्हा ‘व’च आहे, तरी आता बाहेरचं कोणी नाही, माझं शरीर, माझं मन तयार होत नाही. हे शक्य क्रियापद. वाक्यात ‘मी’ कर्ता म्हणून उभा राहत नाही, ‘मला’ होतो. करवत नाही, सोडवत नाही, राहवत नाही: आतली ओढ आणि आतला नकार दोन्ही आपण या रूपांनी सांगतो. ‘गोष्टीचं पुस्तक हातात घेतलं की खाली ठेववत नाही’ हे विधान तुमच्या मुलांसाठी गोडीच्या गटात घाला. ‘मला वाचनात आंतरिक रस आहे’ यापेक्षा ते खरं मोजेल.

मोठ्यांसाठी, म्हणजे शिक्षकांसाठी किंवा नोकरदारांसाठी प्रश्नावली करणार असाल तर ‘उमेदवारी’ हा शब्द लक्षात असू द्या. पुढे कायम होऊ या उमेदीवर कमी पैशात राबणं, या अर्थानं तो मराठीत रुळला आहे. सरकारी नोकरीची वाट बघत तात्पुरत्या जागेवर काढलेली वर्षं आपल्याकडे घरोघरी आहेत. तिथला माणूस पगारासाठी काम करतो की आवडीसाठी, या दोनच चौकटी दिल्यात तर तो कुठेच बसणार नाही. तो आशेसाठी करतो.

पण मुलांच्या कागदावर उमेद वापरू नका, निदान गोव्यात तरी. फारसीत उमेद म्हणजे आशा. मराठीत तिला आशा आणि धीर दोन्ही अर्थ आहेत. उमेद खचते, उमेदीनं उभं राहतात. कोंकणीत मात्र ‘उमेद जाली’ म्हणजे आनंद झाला. तुमच्या वर्गातली बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी लिहितात. ‘अभ्यास करताना मला उमेद वाटते’ हे वाक्य ती आनंदानं वाचतील आणि तुम्ही आशा म्हणून मोजाल. उत्साहासाठी कोंकणीतला ‘उर्बा’ हा शब्द मला फार आवडतो, पण मराठी कागदावर तो घालता येणार नाही. ‘आवडतं’ दोन्हीकडे चालतं. तेच घ्या.

उत्तरांच्या चौकटींबद्दल थोडंसंच. रेन्सिस लिकर्टनं 1932मध्ये घालून दिलेली ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ ही पद्धत मराठीत आली ती सरकारी फायलीच्या भाषेत. चौथीतलं मूल कशाशीही ‘सहमत’ नसतं. ‘अगदी खरं, थोडं खरं, खरं नाही’ एवढं पुरे. आणि कागद वाटताना तुम्ही स्वतः वर्गात असू नका, कारण बाईंनी विचारलं की ‘हो’ म्हणायचं, हे मुलं पहिल्या इयत्तेतच शिकतात. सगळी विधानं झाली की मूळ इंग्रजी न पाहिलेल्या कोणाकडून तरी ती परत इंग्रजीत करून घ्या आणि मुळाशी ताडून बघा. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 साली ही उलट भाषांतराची पद्धत नीट तपासून मांडली. अर्थ कुठे सरकला, ते तिच्यात लगेच दिसतं.

पण त्याही आधी नवा कागद त्या ‘कोणाकडून?’ विचारणाऱ्या मुलाला दाखवा. तो कुठे थांबला, काय विचारलं, ते मला जरूर कळवा.