वाचताना मुक्तछंद वाटणाऱ्या कवितेतलं वृत्त, यमक आणि पुनरुक्ती कशी ओळखायची?

आधी कविता मोठ्यानं म्हणा आणि बोटांवर मात्रा मोजा. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मराठी शिकवतो, पोरांकडून पहिल्या तासाला एवढंच करून घेतो.

तुम्ही विचारलेली मर्ढेकरांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' मुक्तछंदात नाही. विषयच असा की तसं वाटतं. लघूची (ऱ्हस्व अक्षराची) एक, गुरूची (दीर्घ किंवा अनुस्वाराच्या अक्षराची) दोन मात्रा धरा: 'पिपांत मेले' आठ, 'ओल्या उंदिर' आठ. झालं १६ मात्रांचं पादाकुलक वृत्त. शुद्धलेखनाप्रमाणे 'उंदीर' केलंत की १७ होतात.

जोडाक्षरापाशी सगळे अडतात. त्याच्या आधीचं अक्षर गुरू, हे पाठ असतं. मग 'पडल्या'तला 'ड' गुरू धरायचा का? म्हणून बघा. त्याच्यावर आघात येत नाही, म्हणून तो लघूच. 'सक्ती'तल्या 'स'वर येतो, म्हणून तो गुरू.

यमकाला दोन ओळी पुरेत: 'माना पडल्या, मुरगळल्याविण' आणि 'माना पडल्या, आसक्तीविण'. आमच्याकडची कन्नड शिकलेली पोरं मात्र ते ओळीच्या सुरुवातीला शोधतात, कारण जुन्या कन्नड कवितेत प्रास, म्हणजे अक्षरांची जुळणी, ओळींच्या दुसऱ्या अक्षराचा असतो. चूक म्हणवत नाही मला ते.

खरी गंमत पुनरुक्तीत आहे. 'माना पडल्या' दोनदा येतं, हे कुणीही लिहील. पण 'आसक्तीविण'मधली 'सक्ती' पुढं सुटी होऊन परत येते, हे बघा:

जगायची पण सक्ती आहे;
मरायची पण सक्ती आहे.

दोन ओळींत फरक फक्त 'जगा'-'मरा'चा. पहिल्या ओळीतला 'पण' आधी 'परंतु' वाटतो. दुसरी ओळ आली की तो 'सुद्धा' होतो आणि पहिलीचाही अर्थ फिरवतो. शब्द परत आल्यावर अर्थात काय हललं, ते लिहा. किती वेळा आला ते मोजून मार्क मिळत नाहीत.

बेळगावकडं बोलताना आम्ही 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतो ('येतो, खरं उशीर होईल'). एका पोरानं वर्गात 'जगायची खरं सक्ती आहे' असं म्हणून बघितलं. सगळे हसले. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढ्यात बोटं मोजून म्हणाली, "सर, अर्ध्यातच नऊ होतात की!"