माळ्यावरची बियांकी

प्रश्न : माझे मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. त्यांनी 1970 च्या दशकात इटलीहून एक बियांकी रेसिंग सायकल आणली. ते गेले, सायकल आमच्या माळ्यावर पत्र्याखाली पडून आहे. फिकट हिरवट-निळा रंग बराच उडालाय. ओळखीचा पेंटर म्हणतो, भट्टीचा रंग मारून नवी करून देतो. देऊ का? आणि ही म्हणे कोप्पीची सायकल, मग किंमत किती येईल?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : पेंटरला आजच फोन करून थांबवा. तो उडालेला रंगच तर तुमचा माल आहे! त्याला ‘चेलेस्ते’ म्हणतात आणि बियांकी त्यावरून लांबून ओळखू येते. इटलीच्या राणी मार्गारिताच्या डोळ्यांवरून तो रंग घेतला, ही गोष्ट सांगायला छान आहे, एवढंच. स्टिकरसकट मूळ रंग असलेली फ्रेम, ओरखडे असले तरी, संग्राहकांना नव्या रंगाच्या फ्रेमपेक्षा जास्त आवडते. मऊ फडकं, कोमट पाणी, थोडा साबण, बस्स. घासायची पावडर लावलीत तर माझ्याशी गाठ आहे.

कोप्पीचं म्हणाल, तर एदोआर्दो बियांकीने 1885 मध्ये मिलानला कारखाना काढला आणि फाउस्तो कोप्पी या इटालियन सायकलपटूने 1949 मध्ये एकाच वर्षी जिरो (इटलीची) आणि तूर द फ्रान्स (फ्रान्सची) या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या त्या बियांकीवर. पण कारखान्याने साध्या, बाजारहाटाच्या सायकलीही भरपूर केल्या. रंग तोच, भाव मात्र वेगळा. तेव्हा सुटे भाग बघा. मागचा गिअर काम्पान्योलो या इटालियन कंपनीचा ‘नुओव्हो रेकॉर्ड’ असेल, तर त्यावर ‘पेटंट’ शब्दापुढे दोन आकडे सापडतील. 74 म्हणजे 1974. पुढे कुणी गिअर बदललाही असेल, म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नका. फ्रेमवर कोलंबसच्या (फ्रेमच्या नळ्या बनवणारी इटालियन कंपनी) नळीचं स्टिकर शिल्लक आहे का, तेही पाहा.

आता खरी भीती. पायडलचा एक्सल (दोन्ही पायडलचे दांडे जोडणारा, फ्रेममधून आरपार जाणारा) काढायला मिस्त्रीकडे नेलीत, तर आधी बजावून सांगा. इंग्लिश पद्धतीत हा एक्सल धरणाऱ्या चेनकडच्या वाटीला उलटे आटे असतात आणि आपल्या मिस्त्रींचा हात त्यालाच सरावलेला. इटालियन शेलला, म्हणजे या वाट्या बसतात त्या फ्रेमच्या आडव्या नळीला, दोन्हीकडे सुलटे आटे. सवयीने फिरवली की वाटी सुटायची सोडून आणखी आवळते, मग हातोडा येतो, आणि हातोड्यापुढे मी काही करू शकत नाही. सीटचा दांडा ॲल्युमिनियमचा आणि नळी पोलादी असेल, तर इतक्या वर्षांत दोघं चिकटून बसले असतील. रोज थोडं तेल सोडा, पिळू नका.

टायरवर हवा भरून फिरून यायचा मोह होईल. सोलापूरच्या पत्र्याखाली रबर टिकत नाही. त्यात ते रिमला चिकटवायचे टायर असतील तर जुना डिंक दगा देतो.

फोटो बघितल्याशिवाय आकडा सांगणारा माणूस स्वस्तात घ्यायला आलेला असतो. चेनच्या बाजूने पूर्ण सायकलचा एक, गिअरचा जवळून आणि फ्रेमच्या नंबरचा, असे फोटो पाठवा. मामांकडची खरेदीची पावती किंवा जहाजाचे कागद सापडले तर तेही जपून ठेवा.