रोही आडवा आला, पण कागदावर गाडी घसरली

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचा प्रश्न आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास हरभऱ्याला पाणी देऊन ते साळ्याच्या मोटरसायकलने घरी येत होते. तुरीच्या वावरातून रोही (नीलगाय) एकदम डांबरी रस्त्यावर आला. धडक बसली आणि उजव्या मांडीचे हाड मोडले. १०८ च्या गाडीने आधी ग्रामीण रुग्णालयात, तिथून यवतमाळच्या खाजगी दवाखान्यात नेले. मांडीत रॉड टाकला. खर्च दोन लाख चाळीस हजार. दवाखान्याच्या कागदावर 'गाडी घसरून पडले' असे लिहिलेले आहे. वनविभागाच्या कार्यालयात घरचा माणूस गेला तो तेविसाव्या दिवशी. तिथे '४८ तास उलटले, आणि हा हल्ला नाही, अपघात आहे' असे तोंडी सांगून त्याला परत पाठवले. आता विचारतात, केस विमा कंपनीवर करू की वनविभागावर?

भाऊ, विमा कंपनीचा विषय थोडक्यात संपणारा आहे, तो शेवटी घेतो. तुमचे सगळे प्रकरण त्या ४८ तासांवर अडकले आहे, म्हणून आधी तेच सोडवू. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. रोहीने धडक दिली हे तुम्हाला माहीत होते, सोबतच्यांना माहीत होते, तरी दवाखान्यात 'गाडी घसरली' असे सांगितले गेले. का, तर वनविभागाचे लचांड मागे लागेल म्हणून. त्या एका वाक्याने तुमचे जेवढे नुकसान केले तेवढे उशिराने केलेले नाही.

वन्यप्राण्यामुळे जखमी झालेल्याने किंवा त्याच्या माणसांनी ४८ तासांत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवावे, ही अट आहे ती पडताळणीसाठी. वनरक्षक जागेवर येतो तेव्हा खुरांच्या खुणा, रस्त्यावरचे रक्त, वाहनाला चिकटलेले केस दिसायला हवेत. दोन दिवसांनी त्यातले बरेच काही उरत नाही. म्हणजे ही अट पुराव्याची काळजी घेणारी आहे. तिचा अर्थ 'एकोणपन्नासाव्या तासाला हक्क मेला' असा लावणे चूक आहे, आणि ऑपरेशन टेबलावर पडलेल्या माणसाला ती अट दाखवणे तर त्याहून चूक.

हे केवळ माझे मत नाही. कोकणात मोटरसायकलने घरी निघालेल्या एका माणसाला रानडुकराची धडक बसून तो दगावला होता. त्याच्या पत्नीचा अर्ज वनविभागाने ४८ तासांत कळवले नाही या कारणावर नाकारला. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तिला १० लाख रुपये द्यायचा आदेश सरकारला दिला. वन्यप्राण्यांना जपणे हे जसे राज्याचे काम, तसेच त्यांच्यापासून माणसाला जपणे हेही राज्याचेच काम, असे न्यायालयाने म्हटले. तुमचा जिल्हा ज्याच्याखाली येतो ते नागपूर खंडपीठही त्याच न्यायालयाचे. त्यामुळे हा निकाल तुमच्या अर्जाला जोडा आणि अर्जाच्या मजकुरातही त्याचा उल्लेख करा. बीटवरच्या वनरक्षकाला तो माहीत असेलच असे धरू नका.

'हल्ला नाही, अपघात आहे' या दुसऱ्या हरकतीचे उत्तर सरकारच्या यादीतच आहे. ज्या प्राण्यांसाठी भरपाई मिळते त्यांत वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर यांच्यासोबत रोहीचेही नाव आहे. रोही माणसाचा पाठलाग करून चावत नाही. दीड-दोनशे किलोचा हा प्राणी माणसाचा जीव घेतो तो बहुधा रस्त्यावर, वेगात आडवा येऊन. तुरीतून उडी मारून तो अंगावर येतो तेव्हा मोटरसायकलवाल्याला ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. रस्त्यावरची धडक 'हल्ल्यात' धरायचीच नसेल, तर यादीत रोहीचे नाव घालून सरकारने साधले काय? हा मुद्दा याच शब्दांत लिहा. न्यायालय तो मानेलच असे मी लिहून देत नाही, प्रत्येक प्रकरणाची हकीकत वेगळी असते. पण हा मुद्दा लंगडा नाही.

खरी लढाई पुराव्याची आहे. 'गाडी घसरली' हे वाक्य दवाखान्यात कुणी सांगितले? केसपेपरवर आणि एमएलसीच्या (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाच्या) नोंदीत 'हकीकत सांगणारा' अशी जागा असते. तिथे तुमचे नाव आहे की तुम्हाला घेऊन गेलेल्याचे? जो धडकेच्या वेळी जागेवर नव्हताच, त्याचे ते वाक्य ऐकीव ठरते आणि त्याचे वजन बरेच कमी होते. तुमचेच नाव असेल तर काम अवघड आहे, पण संपलेले नाही. डॉक्टरकडे जाऊन जुनी नोंद खोडून घ्यायचा प्रयत्न मात्र करू नका. डॉक्टर ते करणार नाही, आणि केले तर खोडलेला कागद मूळ कागदापेक्षा जास्त बुडवतो.

त्याऐवजी ग्रामीण रुग्णालयातला पहिला कागद काढा. तुम्ही आधी तिथे होतात. तिथल्या रजिस्टरमध्ये आणि १०८ च्या गाडीत भरलेल्या फॉर्मवर काय लिहिले आहे? घाबरलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासात खरे बोलून जातो, नंतर कुणीतरी शहाणा त्याला 'घसरली म्हण' असे शिकवतो. त्या पहिल्या कागदावर 'रोही आडवा आल्याने' असे तीन शब्द सापडले, तर यवतमाळचा कागद आपोआप मागे पडतो. रुग्णालयाने नक्कल द्यायला टाळाटाळ केली तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. ३० दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

मग ४८ तासांतला कोणताही निरोप शोधा. तुम्ही स्वतः जायला हवे होते असे नाही, कुणीही कळवले असेल तरी चालते. त्या रात्री ११२ ला फोन गेला होता का? वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर? पोलीस पाटलाने ठाण्यात किंवा वनरक्षकाला मोबाइलवर सांगितले होते का? गावाच्या व्हॉट्सॲप गटावर कुणी रस्त्याचा किंवा गाडीचा फोटो टाकला होता का? ज्याच्या फोनवर तो कॉल किंवा फोटो असेल, त्याला फोन बदलू नको म्हणावे. तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आजच घ्या, आणि कॉलची नोंद मोबाइल कंपनीकडे लेखी मागा. वनरक्षकाशी झालेले दोन मिनिटांचे बोलणे सिद्ध झाले, तर ४८ तासांची हरकत तिथेच गळून पडते.

आता मोटरसायकल. तुम्ही लिहिता की साळ्याने ती पंधरा दिवसांतच दुरुस्त करून घेतली. पंचनाम्याआधी गाडी मेकॅनिककडे टाकणे ही दुसरी चूक. तरीही त्या मेकॅनिककडे जा. तालुक्याच्या गॅरेजमध्ये फुटके सामान लगेच फेकत नाहीत, भंगारवाला येईपर्यंत ते मागच्या बाजूला पोत्यात पडून असते. हेडलाइटची फुटकी कडा, वाकलेला लेगगार्ड, मडगार्डचा तुकडा तिथे असेल तर त्याला हात लावू नका. कडेच्या फटीत आणि नटबोल्टच्या आट्यांत रोहीचे राखाडी, राठ केस अडकून राहतात. केसांवरून प्राणी ओळखता येतो. वनपालाला लेखी कळवून ते सामान त्याच्यासमोर दोन पंचांच्या सह्यांनी पाकिटात बंद करून घ्या. मेकॅनिकचा जबाबही घ्या: गाडी कोणत्या तारखेला आली, पुढून किती चेपली होती. घसरलेली गाडी कुशीवर घासते, धडकलेली गाडी समोरून चेपते. बिलात हेडलाइट, पुढचे शॉकअप, हॅण्डल बदलल्याचे असेल तर ते बिल तुमचा साक्षीदार आहे.

हे जमवता जमवता अर्ज लांबवू नका. अर्ज या आठवड्यात जाऊ द्या, पुरावे मागून जोडता येतात. अर्ज वनक्षेत्रपालाच्या नावे करा, प्रत उपवनसंरक्षकाला द्या. हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवा. घटनेची तारीख, वेळ, रस्त्याचे नाव, जवळचे गट नंबर, तुम्ही कुठून कुठे जात होतात, कोण कोण हजर होते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत भरती होतात, हे सगळे लिहा. सोबत वेगळा विलंब माफीचा अर्ज जोडा, त्यात ऑपरेशनची तारीख आणि चालता न येण्याचा काळ द्या. 'गाडी घसरली' ही नोंद लपवू नका. ती कुणी सांगितली आणि का चूक आहे, हे तुम्हीच पहिल्या पानावर लिहा. ती वनविभागाने शोधून काढली तर तुम्ही खोटे ठरता. पोलीस ठाण्यातही याच मजकुराचा जबाब द्या आणि त्याची नक्कल मागा.

रकमेबद्दल: सध्याच्या दराने मृत्यूसाठी २५ लाख, कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात लाख, गंभीर जखमेसाठी ५ लाख आणि किरकोळ जखमेसाठी ५० हजारांपर्यंत उपचाराचा खर्च मिळतो. दर सरकार वेळोवेळी बदलते, घटनेच्या तारखेचा दर धरून चाला. मांडीचे हाड मोडणे ही गंभीर जखम धरली जावी असे मला वाटते, पण ते सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर ठरेल, खाजगी दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर नाही. सगळे एक्स-रे घेऊन जिल्हा शल्य चिकित्सकाकडे जा. पाय आखूड राहिला किंवा गुडघा वाकत नसेल तर अपंगत्वाची तपासणीही मागा.

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. तोंडी नकार उच्च न्यायालयात सिद्ध करणे अवघड जाते. 'नामंजूर' असे कारणासह कागदावर आणा. तो आदेश आल्यावर रिट याचिका होते. तिथे वेळ किती लागेल हे विचारू नका. नोटीस निघते, सरकारी वकील उत्तराला दोन आठवडे मागतात, ते दोन आठवडे पुन्हा पुन्हा मिळतात, आणि इकडे माणूस कुबडी घेऊन सावकाराचे व्याज भरत असतो. याची मला चीड येते, पण उपाय एकच आहे: याचिकेसोबतचे कागद इतके पक्के हवेत की सरकारला मुदत मागायला निमित्त उरू नये. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा.

वन खात्याच्या भीतीबद्दल दोन शब्द, कारण 'घसरली' म्हणणारे सगळे त्या भीतीनेच म्हणतात. सार्वजनिक रस्त्यावर नकळत झालेली धडक म्हणजे शिकार नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे मेलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता होतो, आणि तो ज्याच्या ताब्यात आला त्याने ४८ तासांत पोलिसांना किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचे असते. गुन्हा होतो तो प्राणी गुपचूप उचलण्याने. धडकेत मेलेल्या रानडुकराचे रातोरात वाटे पडतात, सकाळी रस्त्यावर फक्त डाग उरतो. त्याने जखमीचा पुरावाही जातो आणि चार घरांवर गुन्हाही चढतो.

गाय-म्हैस आडवी आली तर हा सगळा मार्ग लागू नाही. तिथे मालक शोधावा लागतो. जनावर निष्काळजीपणे मोकळे सोडणे भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि भरपाईसाठी दिवाणी दावा करावा लागतो.

आता विमा. साळ्याच्या गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा आहे. तो समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो, तुमच्या हाडांसाठी नाही. त्याच पॉलिसीत मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण असेलही, पण ते ज्याच्या नावावर गाडी आणि पॉलिसी आहे आणि ज्याच्याकडे चालू परवाना आहे त्यालाच लागू होते, आणि तेही मृत्यू, अवयव किंवा डोळा गमावणे, कायमचे पूर्ण अपंगत्व यांसाठी. मोडलेल्या हाडाला त्यात काही नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणात जावे तर समोर दुसरे वाहन नाही. दुसऱ्याकडून उसन्या आणलेल्या गाडीवर बैलगाडीला धडकून मेलेल्या माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितले आहे की गाडी उसनी नेणारा मालकाच्या जागी येतो, आणि चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई त्याला त्या गाडीच्या विमा कंपनीकडून मागता येत नाही. तुमच्याकडे वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी किंवा बँक खात्यासोबत घेतलेला विमा असेल तर तो जरूर काढून वाचा. तिथेही दावा कळवायची मुदत दिलेली असते, आणि ती बहुधा पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात सापडेल.