नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात घराचं मध्यक उत्पन्न गेल्या वीस वर्षांत किती वाढलं, हे कसं काढता येईल?

मध्यक म्हणजे सगळी घरं कमाईच्या क्रमाने लावली तर बरोबर मधोमध येणाऱ्या घराचं उत्पन्न. तुम्ही विचारलंय की अमेरिकेत कुठल्याही ग्रामीण काऊंटीचं (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं) मध्यक घरगुती उत्पन्न वर्षवार मिळतं, मग शहाद्याचं का मिळू नये. तिथलं सेन्सस ब्युरो नमुना पाहणीला प्राप्तिकराच्या नोंदी जोडून दरवर्षी प्रत्येक काऊंटीचा अंदाज काढतं. आपल्याकडे शेतीचं उत्पन्न करमुक्त आणि मजूर विवरणपत्र भरतच नाही. त्यामुळे वेगळा रस्ता धरावा लागतो.

राज्याच्या आर्थिक पाहणीतलं नंदुरबारचं दरडोई उत्पन्न आधी बाजूला ठेवा. ती सरासरी आहे. पन्नास एकर केळीवाला आणि त्याच्याच बागेत घड वाहणारा, दोघांची बेरीज करून भागलेली.

उत्पन्नाचे दाखलेही नकोत. केशरी शिधापत्रिकेची मर्यादा वर्षाला 15 हजार ते 1 लाख. ओट्यावर फटफटी उभी असते आणि कागदावर उत्पन्न मर्यादेच्या आत नीट बसवलेलं असतं. लोकांना तरी काय दोष द्यायचा? खुद्द राष्ट्रीय नमुना पाहणीने 1960 च्या दशकात घरोघरी उत्पन्न विचारून पाहिलं, तर ते खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी निघालं, म्हणून तेव्हा तो नाद सोडून दिला.

माझं मत असं, की आपल्या भागातलं मधलं घर मजुरीवर चालतं, तेव्हा मागे जायचं ते मजुरीचं बोट धरून. 2018-19 च्या केंद्रीय पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न 10,218 रुपये आलं. त्यात मजुरीचे 4,063 आणि पिकाचे 3,798. ही शेतकऱ्यांची गत, भूमिहीनांचं तर विचारूच नका.

आता मजुरीचे जुने दर कुठून आणायचे? खान्देशात त्याची सोय आहे. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं, आणि कोणाचा सालदार कितीला राहिला हे गावभर माहीत असतं. शहादा भागात सत्तरच्या दशकात आदिवासी शेतमजुरांच्या श्रमिक संघटनेने सालदारांच्या प्रश्नावरही लढे दिले, त्यामुळे हा आकडा लोकांच्या चांगला लक्षात राहतो. जुन्या शेतकऱ्याला ‘2005 साली मजुरी किती होती’ विचारलं तर तो डोकं खाजवेल. ‘धाकट्याचं लग्न झालं त्या आखाजीला सालदार कितीला ठेवला होता’ विचारा, चटकन सांगेल. मग तोच प्रश्न सालदाराला विचारा. जोडीला निंदणीचा रोज आणि कापूस वेचणीचा किलोमागचा दर घ्या, कारण घरातल्या बाईची कमाई त्यात असते.

आजचा मध्यक मात्र स्वतः घरं फिरूनच काढावा लागेल. ‘उत्पन्न किती’ असं कधीच विचारू नका. कोण किती दिवस कुठल्या कामाला गेलं, काय रोज मिळाला, शेतमाल किती विकला, बियाणं-खत-फवारणीत किती गेलं, खात्यावर कुठल्या योजनेचे पैसे आले, असं सुटं सुटं विचारून बेरीज आपण करायची. गटवार आकडे असले तरी चालतं. समजा 200 घरांपैकी 70 घरं आठ हजारांच्या खाली आणि 60 घरं आठ ते बारा हजारांत. शंभरावं घर दुसऱ्या गटात तिसावं येतं, म्हणून 8,000 अधिक 4,000 चा निम्मा, म्हणजे मध्यक साधारण 10,000.

हा आकडा मजुरीच्या दराच्या प्रमाणात वर्षागणिक मागे न्या. 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेशी ताडून बघा; तिच्यात घरातल्या सर्वांत जास्त कमावणाऱ्याचं मासिक उत्पन्न तीन गटांत आहे: पाच हजारांखाली, पाच ते दहा, दहाच्या वर. पण तो एकट्याचा आकडा, घराचा नव्हे. नवरा-बायको दोघं कामाला जात असतील तर घराचं उत्पन्न त्याहून बरंच जास्त. शेवटी शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने भागा, नाहीतर महागाईच वाढ म्हणून दिसेल.

एक गोष्ट सांभाळा. वीस वर्षांत चुली वेगळ्या झाल्यात. दोन भावांचे वाटे झाले की प्रत्येक घराचं उत्पन्न निम्म्यावर येतं, माणसं गरीब झालेली नसतानाही. म्हणून माणशी आकडाही शेजारी लिहा. आणि उत्तर एका आकड्यात देऊ नका, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असंच द्या.

पाहणी होळीच्या सुमारास ठेवा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली सातपुड्यातली बरीच कुटुंबं सणाला घरी येतात. एरवी गेलात तर कुलूप लागलेली घरं गाळली जातील आणि मध्यक उगाच वर चढेल. त्यांची मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल मात्र उत्पन्नात धरू नका. तोडणीत फिटली तेवढीच मजुरी, उरलेलं कर्ज.