अधिष्ठान म्हणजे पाया की निर्धार?

प्रश्न असा आलाय की घरात मोठं आजारपण चालू असताना विपश्यनेला जाणाऱ्या (म्हणजे बौद्ध परंपरेतल्या ध्यानाला) एका ताईंनी "अधिष्ठान पक्कं ठेव" असं सांगितलं, पण मराठीत अधिष्ठान म्हणजे पाया, बैठक, मग नेमकं करायचं काय, आणि सरळ संकल्प म्हटलं तर चालेल का?

ताईंचा शब्द बरोबर आहे, फक्त त्यांचा अर्थ पालीतला आहे. पालीत, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, अधिट्ठान, दहा पारमितांमधली (पूर्णत्वाला न्यायच्या गुणांमधली) आठवी, सच्च म्हणजे सत्याच्या नंतरची आणि मेत्ता म्हणजे मैत्रीच्या आधीची. 1956 च्या धर्मांतरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आहेच, त्यामुळे बौद्ध घरांत हा शब्द कानावरचा असतो. बाकीच्यांना अधिष्ठान म्हटलं की समर्थांचं "परंतु तेथे भगवंताचे अधिष्ठान पाहिजे" आठवणार, साहजिक आहे.

मूळ एकच, अधि आणि स्था, म्हणजे कशावर तरी ठाम उभं राहणं. पालीनेही पायाचा अर्थ सोडलेला नाही बरं का, धातुविभंग सुत्तात (बुद्धाच्या एका उपदेशात) राजगृहाला एका कुंभाराकडे मुक्काम असताना बुद्ध पुक्कुसाती नावाच्या साधकाला चार अधिट्ठानं सांगतात, प्रज्ञा, सत्य, त्याग आणि उपशम (मनाची शांती), तिथे निर्धार असं भाषांतर केलं तर वाक्य लंगडं पडतं. उलट भिक्खू आपलं चीवर (अंगावरचं वस्त्र) वापरात घेताना "अधिट्ठामि" म्हणतो तिथे अर्थ साधा, हे मी माझ्या वापरासाठी ठरवलं. एकदा ठरवलं की त्यावर उभं राहायचं, दोन्ही अर्थ इथे जुळतात असं मला वाटतं.

पारमिता म्हणून बघायचं तर चरियापिटकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या पाली ग्रंथात, अधिट्ठानाखाली तेमियाची गोष्ट येते. काशीचा राजपुत्र, तान्हा असताना बापाच्या मांडीवरून चोरांना दिलेल्या भयंकर शिक्षा ऐकतो, आपणही पूर्वी राजा होतो आणि त्यापायी नरक भोगला हे त्याला आठवतं, आणि राज्य नको म्हणून तो मुका, बहिरा, पांगळा असल्यासारखा राहायला लागतो. मग परीक्षा सुरू. दूध उशिरा देतात, पलंगाखाली शंख फुंकतात, अंगाला काकवी फासून माशा सोडतात, पोरगं हलत नाही. 16 वर्षं! शेवटी पुरायला नेतात तेव्हा सारथी खड्डा खणत असताना तो बोलतो. मला यात आवडतं ते हे की तो कुणाशी भांडत नाही, कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही, म्हणून 'जिद्द' हा शब्द मला इथे पटत नाही, जिद्दीला समोर कुणीतरी लागतं.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या कोर्समध्ये हेच तासाच्या मापात येतं. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवल्यावर रोज तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या, तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. गुडघा ठणकतो, मुंगी चावल्यासारखं होतं, तरी बघत बसायचं. दात-ओठ खाऊन बसलात तर ते अधिष्ठान नाही, कारण समता, म्हणजे न चिडता न हवंनको करता बघणं, सुटली की नुसती सहनशक्ती उरते. अवघड काळात हे का सांगतात ते इथे कळतं: आजारपण कधी संपेल ते आपल्या हातात नसतं, पण या एका तासात उठणार नाही, किंवा आज पेशंटवर आवाज चढवणार नाही, एवढं ठरवता येतं आणि पाळता येतं.

संकल्पाचं म्हणाल तर चालेल पण घोटाळा होतो. पालीत संकप्प वेगळा, अष्टांगिक मार्गातलं दुसरं अंग, मनाचा रोख कुठे आहे ते. आणि आपल्याकडे संकल्प म्हणजे पूजेआधी पाणी सोडणं नाहीतर 1 जानेवारीचं जिम. निर्धार त्यातल्या त्यात जवळचा.

वापराचं एकच सांगतो, पालीत अधिट्ठान क्रियेसारखं येतं, म्हणून "अधिष्ठान ठेव" पेक्षा "अधिष्ठान कर" जास्त नेमकं, आणि पुढे कशाचं आणि किती वेळ ते सांगून टाकावं, म्हणजे ऐकणाऱ्याला पाया शोधत बसावं लागणार नाही.